कणभर मीठ



या रविवारच्या शुभवर्तमानात (मत्तय, अध्याय 5) प्रभू येशू आपल्या शिष्यांना मिठाची उपमा देतो. आपल्या वसईकरांना ती समजावून सांगावी लागत नाही. मिठागरे आपण पाहिली आहेत, पावसाळ्यासाठी खारवलेली मासळी घरात ठेवली आहे. पूर्वी बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू बाळाच्या जिभेवर मीठ ठेवीत. 1969 च्या नव्या विधीत ही प्रथा राहिली नाही, पण ज्येष्ठांना आठवत असेल. तेथेही मीठ असे ते कणभरच.

गेल्या महिन्यात आम्ही एका आजारी आजींना कम्युनियन द्यायला गेलो होतो. रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेले. सूनबाईंनी कालवणातले मीठ खरोखरच कमी केले होते. आजी त्यावर कुरकुरतही होत्या. पण सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी 'पचायला हलके' म्हणून पाकिटातले सूप, संध्याकाळी नातवाच्या नूडल्समधला वाटा. यात कोणाची हयगय नव्हती, सगळे प्रेमानेच चालले होते. आम्ही सूपचे पाकीट उलटे करून पाहिले. पोषणमूल्यांच्या तक्त्यात सोडियम लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते. म्हणजे 1000 मिलिग्रॅम सोडियम हे अडीच ग्रॅम मीठ झाले. (आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वेळच्या खाण्याचा, तेही पाहावे.) जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. सूनबाई गप्प झाल्या. आम्हीही त्यापूर्वी असे पाकीट कधी वाचले नव्हते.

लोणचे, पापड, सुका बोंबील यांतही मीठ भरपूर असते, हे खरे. पण ते खारट आहे हे जीभ सांगते आणि हात आखडता घेतला जातो. पाव, बिस्किटे, सॉस तितके खारट लागत नाहीत, तरी मीठ पोटात जातेच. कारखान्यात ते माल टिकावा आणि स्वस्तात चव यावी म्हणून घालतात. आपल्या घरात कोणाचे मूत्रपिंड थकले आहे, हे तिथे कोणाला ठाऊक? चुलीपुढच्या आईला मात्र ते ठाऊक असते.

राखेचा बुधवार जवळ आला आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य करून पाकिटातल्या नूडल्सवर ताव मारणे याला उपवास म्हणावे का, ते ज्याने त्याने ठरवावे. कमी मिठाची सवय जिभेला काही आठवड्यांत लागते. उपवासकाळाचे चाळीस दिवस त्याला पुरावेत.

धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर मुलांना वेफर्सची पाकिटे वाटण्याची पद्धत आपल्याच चर्चमध्ये आहे. तो दोष आमचा. पुढच्या रविवारपासून मुलांना केळी देण्यात येतील. ज्यांच्या वाडीत घड तयार असेल, त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत चर्चच्या कार्यालयात कळवावे.