पाठीवरचे दिवे

"जड असेल ते सगळं माझ्याकडे द्या," सामान वाटून घेताना मी म्हणालो.

सिएटलजवळ राहणारे आम्ही चौघं शनिवार-रविवार गाठून माउंट सेंट हेलेन्सच्या दक्षिण पायथ्याशी आलो होतो. अण्णा साठीला टेकलेले, गुडघे धरलेले. ताई सावकाश, पण दिवसभर न थकता चालणाऱ्या. छोट्या चारच महिन्यांपूर्वी कोल्हापूरहून आलेला, बर्फ पहिल्यांदाच बघत होता. आणि नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड दोनदा चढलेला मी. त्यामुळे दोर, चहाचा थर्मास, जादा टॉर्च, सेल हे सगळं माझ्याच पिशवीत आलं. मित्रांचं ओझं आपण उचलतोय याचं मला मनापासून समाधान वाटत होतं.

"प्रत्येकाजवळ तीन दिवे हवेत," अण्णा म्हणाले. गुहेत उतरणाऱ्यांचा हा जुना नियम आहे.

"आहेत की. चार डोक्यांवर, आठ इथं," मी पिशवीवर थाप मारली.

आम्हाला उतरायचं होतं त्या गुहेपर्यंतचा, एप केव्हपर्यंतचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. गाडी अलीकडेच लावून शेवटचा टप्पा बर्फ तुडवत गाठला. सुमारे 2,000 वर्षांपूर्वी इथं उतारावरून लाव्हा वाहत आला. वरचा थर निवून दगड झाला, आतला रस मात्र वाहत राहिला आणि शेवटी निघून गेला. मागे उरली जवळजवळ 4 किलोमीटर लांबीची पोकळ नळी. रस कुठवर चढला होता त्याच्या आडव्या रेघा भिंतींवर अजून आहेत, पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर राहतात तशा. दगडही आपल्या ओळखीचा, काळा बेसॉल्ट. फक्त सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा कालपरवाचा. अण्णा प्रत्येक रेघेपाशी थांबून छोट्याला समजावत होते. मला पुढची ओढ लागली होती.

गुहेचा वरच्या अंगाचा भाग अवघड आहे. छतातून कोसळलेल्या धोंड्यांचे ढीग चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. मग येते सुमारे 8 फुटांची उभी भिंत, लाव्हाचा गोठलेला धबधबाच. पाय ठेवायला जेमतेम एक खाच. मी खाचेत पाय रोवला आणि वर गेलो. खाली वाकून ओरडलो, "या सावकाश! वाट एकच आहे, चुकायचा प्रश्नच नाही."

वाट खरोखर एकच होती.

लोखंडी शिडी चढून मी बाहेर आलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. झाडांच्या फांद्या बर्फानं वाकल्या होत्या. एका ओंडक्यावर बसून राहिलो. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. या दिवसांत तिथं साडेचारलाच सूर्य बुडतो. ती तिघं आली की गरम चहा द्यावा म्हणून पिशवीत हात घातला, तर बोटांना थर्मासऐवजी टॉर्च लागला. त्याच्याखाली दुसरा. मी एकेक काढून बर्फावर मांडत गेलो. आठ. सगळ्यांत तळाशी दोर.

शिडी कशी उतरलो ते आठवत नाही. धोंड्यांवरून गुडघे सोलवटत परत निघालो. हाका मारल्या, त्या पुढच्या ढिगापलीकडे पोचत नव्हत्या. बऱ्याच वेळानं खालून आवाज आला.

"एक." अण्णा.

"दोन." ताई.

"तीन." छोट्या.

मग एका आकड्याएवढी शांतता. थोड्या वेळानं पुन्हा तेच. एक, दोन, तीन, आणि ती रिकामी जागा.

भिंतीच्या कडेवरून मी दिवा खाली धरला. तिघं एकमेकांना खेटून बसली होती. गुहेत बारा महिने पाच-सहा अंश तापमान असतं. ताईंचा दिवा धोंड्यावर आपटून फुटला होता, छोट्याचा थंडीनं मिणमिणत विझला होता. उरलेला अण्णांचा, तो त्यांनी मुद्दाम बंद ठेवला होता. एका दिव्यावर, दोराशिवाय, त्या गुडघ्यांनी भिंत चढायची नाही आणि कुणी एकट्यानं हलायचंही नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. अंधारात सगळे जागेवर आहेत ना, एवढंच ते मोजून बघत होते.

"तीननंतर आम्ही थांबायचो, दादा," छोट्या नंतर म्हणाला. "तुमची जागा सोडून."

मी कसाबसा म्हणालो, "चार."

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. अण्णांनी फक्त विचारलं, "चहा आहे का रे?" थर्मास खाली सोडताना माझे हात कापत होते. मग दोर सोडला, एकेकाला वर घेतलं. बाहेर आलो तेव्हा काळोख झाला होता. परतीची पायवाट बर्फाखाली गडप, झाडांच्या खुणा शोधत आम्ही पुढं सरकत होतो. पिशवी तेव्हा जवळजवळ रिकामी होती.

रविवारी सकाळी जून लेक या तळ्याच्या वाटेला निघण्याआधी मी टॉर्च टेबलावर मांडले. प्रत्येकानं आपापले दोन खिशात घातले. अण्णा सगळ्यांच्या पुढं राहिले. त्यांनी टाकलेल्या पावलात ताईंचं, ताईंच्या पावलात छोट्याचं पाऊल. दर शंभरेक पावलांवर अण्णा दम घ्यायला थांबत, मागे वळून बघत. सर्वांत शेवटी मी होतो. वळणावर झाडी दाट झाली आणि पुढचं कुणी दिसेनासं झालं. मी थांबून कान दिला.

झाडांपलीकडून अण्णांचा आवाज आला, "एक."