घाव डाव्या चाकावर

सावकाश बसा. डोळे मिटा आणि चकलांब्यातली एक दुपार मनात आणा. गेवराई तालुक्यातलं कापसाचं रान, लिंबाखाली उभी जुनी महिंद्राची जीप. मुंबईत जिची जुळणी सुरू झाली, त्या विलीजच्या घराण्यातली. मागची दोन्ही चाकं घोडीवर, पुढच्यांना दगड. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, मनातसुद्धा.

इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. डावं चाक हळूच पुढं फिरवा. उजवं मागं फिरतंय. घटकाभर हेच करत राहा. बैलगाडीची चाकं आखावर सुटी फिरतात, त्यांना एकमेकांशी देणंघेणं नसतं. इथं दोघांना ताकद एकाच इंजिनाची. वळणावर बाहेरच्याला लांबचा पल्ला, आतल्याला जवळचा. तो हिशेब मधलं डिफरन्शिअल मिटवतं.

आता डाव्या हबपाशी या. निमुळत्या एक्सलवर तो वर्षानुवर्षं घट्ट धरून बसलाय. नट सुटला, हब सुटत नाही. हात घणाकडं जातो. इथं थांबा. चीड कुठं साठलीय, मनगटात की जबड्यात? श्वास सोडा.

घाव मनातच घाला आणि त्याच्या मागं मागं जा. एक्सलच्या टोकावर बसलेला दणका आत शिरतो. या जुन्या जीपला दोन बाजूंचे दोन एक्सल. त्यांची आतली टोकं डिफरन्शिअलमधल्या एका लहानशा ठोकळ्याला टेकतात. दणका त्या ठोकळ्याला बसतो, तिथून उजव्या एक्सलवर, तिथून उजव्या बेअरिंगवर. मारलं डावीकडं, सोसलं पलीकडच्यानं. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. मला या यंत्रातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते.

घण खाली ठेवा. हब एकदम उडू नये म्हणून नट दोन-चार आटे परत चढवा. हब ओढून काढणारा पुलर लावा, ताण द्या आणि वाट बघा. पुन्हा थोडा ताण, पुन्हा वाट. हब कधीतरी ‘टक्’ करून सुटतो, कधी रात्रभर सुटत नाही. नाही सुटला तर ताण तसाच ठेवून जेवायला जा.

आणि घाव आधीच बसला असेल, तर गाडी चालतेय म्हणून गप्प राहू नका. डिफरन्शिअलचं तेल काढून बोटांवर घ्या, उन्हात धरा. पोलादाचे कण दिसले, तर आवाज यायची वाट न बघता डिफरन्शिअल उघडून घ्या.