गाणें तेंच, गळा निराळा

गुणाला उशिरां कां होईना योग्य स्थान मिळालें म्हणजे न्याय झाला, असें म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिकेंतील एका गाण्याचा भाग्योदय पाहून या समजुतीविषयीं आम्हांस शंका येते.

ट्रेसी चॅपमन या कृष्णवर्णीय गायिकेनें स्वतः रचलेलें 'फास्ट कार' हें गीत १९८८ सालीं प्रसिद्ध झालें. दारुड्या बापासाठीं शाळा सोडलेली, दुकानांत राबणारी एक मुलगी प्रियकराच्या मोटारींतून दारिद्र्याबाहेर पळून जाण्याचीं स्वप्नें पाहते. शेवटीं प्रियकरहि बापाच्याच वाटेनें गेलेला तिला दिसतो. कथा एवढीच. 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या सर्वसाधारण यादींत तें सहाव्या क्रमांकापर्यंत चढलें. पुढें पस्तीस वर्षांनीं, २०२३ सालीं, नॉर्थ कॅरोलायनाच्या ल्यूक कोम्स या गोऱ्या गायकानें तें गाइलें. तें सर्वसाधारण यादींत दुसरें आलें. आणि 'कंट्री', म्हणजे तिकडील ग्रामीण वळणाच्या संगीताची नभोवाणीची जी यादी, तींत जुलै महिन्यांत पहिलें. एकटीनें रचलेलें गीत त्या यादीच्या शिरोभागीं नेणारी चॅपमन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्याच वर्षीं कंट्री म्युझिक असोसिएशननें उत्कृष्ट गीताचें पारितोषिकहि तिला दिलें.

कोम्सला बोल लावण्याचें कांहींच कारण नाहीं. पुरुष असूनहि गीतांतील स्त्रीवाचक शब्द त्यानें तसेच ठेविले. ही निष्ठा थोडी नव्हे. चॅपमननेंहि मनःपूर्वक आनंद व्यक्त केला. मग तिच्या वतीनें आम्हीं रुसावें कशाला?

अडतें तें दुसरीकडे. ही यादी श्रोत्यांच्या निवडीची नव्हे. 'कंट्री' नभोवाणी-केंद्रांनीं काय वाजविलें व तें किती कानांवर पडलें असेल, याचा तो हिशेब. आणि कोणाचा आवाज 'कंट्री' वाटावा, हा त्या केंद्रांचा संस्कार फार जुना. १९२० नंतरच्या दशकांत ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाऱ्यांनीं दक्षिणेंतील गोऱ्यांचें गाणें एका सूचिपत्रांत व काळ्यांचें दुसऱ्यांत घातलें. दोघे एकमेकांच्या चाली उचलीत होते. ज्या बॅन्जोवांचून तें ग्रामीण संगीत ओळखूं येऊं नये, तें वाद्य मुळीं आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांचें. पण विक्रीच्या सोयीची भिंत हळूहळू संगीताचीच शीव ठरली.

यावर कोणी म्हणेल, १९८८ मध्यें तें गीत 'कंट्री' म्हणून पुढें केलेंच नव्हतें. तेव्हां नाकारण्याचा प्रश्न कोठून आला? आक्षेप खरा आहे, आणि आमच्या मतें सगळें मर्म त्यांतच आहे. जेथें पाटच मांडलेला नाहीं तेथें पाहुण्याला उठवावें लागत नाहीं. अशा पंक्तिप्रपंचांत वाढपी अगदीं सज्जन असूं शकतो. त्याच्या हातून कोणाचा अपमान झाल्याचें त्याला स्मरणारहि नाहीं. दारिद्र्य, दारू, मोटार, पळून जाण्याची आस, हे सारे 'कंट्री'चेच विषय त्या गीतांत प्रथमपासून होते. शब्द तेच, चाल तीच. बदलला तो गळा. मग पहिला क्रमांक मिळाला तो कशाला? निदान गीताच्या गुणाला एकट्याला खास नव्हे.

फेब्रुवारी २०२४ मध्यें ग्रॅमी पारितोषिकांच्या समारंभांत दोघांनीं तें गीत मिळून गाइलें. ती गात असतां तो तिच्याकडे पाहत तिचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत होता. लागलीच तिच्या १९८८ च्या ध्वनिमुद्रणाला पुन्हां मोठी मागणी आली.