रिकामे आसन आणि सुटलेला टाका

(शास्त्रभाग : १ शमुवेल २०:१८-३४)



योनाथानाने दाविदास जे सांगितले ते अगदी साधे आहे. उद्या चंद्रदर्शनाचा दिवस, राजाच्या पंक्तीस तुझे आसन रिकामे दिसेल, तेव्हा तू नाहीस हे सर्वांच्या ध्यानात येईल. तसेच झाले. पहिल्या दिवशी शौल काही बोलला नाही. दावीद अशुद्ध झाला असेल, असे त्याने मनात धरले. दुसऱ्या दिवशीही आसन रिकामेच, तेव्हा त्याने विचारिले की इशायाचा पुत्र कालही आला नाही व आजही नाही, हे काय? आता पाहा, त्या आसनाकडे दोघांचेही लक्ष होते. शौलाचे होते व योनाथानाचेही होते. परंतु एकाने दोष लावण्यासाठी विचारपूस केली व शेवटी भाला उगारिला. दुसरा मात्र सकाळी उठून लहान पोरासह शेतात गेला आणि ठरलेल्या खुणेप्रमाणे बाण मारून त्याने आपल्या मित्रास निरोप पोहोचविला.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत आज अशी रिकामी आसने किती आहेत, हे प्रत्येक उपदेशक बंधूस ठाऊक आहे. मुलगा दहावी-बारावी झाला की तो पिंपरीस, भोसरीस किंवा चाकणला जातो. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि जेथे ज्वारी-बाजरीची शेते होती तेथे मैलच्या मैल कारखाने उभे राहिले. आता खेड तालुक्यातील चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी ह्या गावांत मोटारी व त्यांचे सुटे भाग तयार होतात, आणि आपली तरुण मंडळी तेथील भाड्याच्या खोल्यांत चौघे-पाचजण मिळून राहतात. पुष्कळांस ठेकेदाराकडे काम असते. आज आहे, उद्या असेलच असे नाही.

गावी इकडे काय म्हणतात? "तो आता उपासनेस जात नाही. शहरात गेला आणि विश्वासातून गेला." हे बोलणे फार सहज निघते. ते खरे की खोटे हे ठरविण्यापूर्वी आपण एक घरगुती दृष्टांत घेऊ.

सुईदोऱ्याचे काम आपल्या ख्रिस्ती लोकांत नवीन नाही. दक्षिणेत नागरकोविल येथे १८२० च्या सुमारास लंडन मिशनच्या मार्था मॉल्टबाईंनी मुलींस लेस करावयास शिकविले. ते काम सुयांवरचे नसे. उशीवर टाचण्या रोवून व लाकडी फिरक्यांवर दोरा गुंडाळून ते करीत. दास्यात जन्मलेल्या कित्येक मुलींनी त्या मजुरीतून आपली सुटका विकत घेतली. आपल्या पुणे जिल्ह्यातच केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणिलेल्या मुलींस विणणे-शिवणे शिकविले जाई. तेव्हा आमच्या भगिनींपैकी कोणी हिवाळ्यात जाळीची तिकोनी शाल विणावयास घेतली, तर त्यात नवल नाही. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ; तिचे घोंगडे उत्तम होते, पण जाळी होत नाही. त्यासाठी बारीक दोरा बाजारातून आणावा लागतो. रशियातील ओरेनबर्ग येथे शेळीच्या मऊ लवेची जी शाल विणितात ती अंगठीतून ओढून काढिता येते, इतकी ती तलम.

अशी तिकोनी शाल बहुधा मानेकडील मध्यापासून विणितात. सात टाक्यांनी आरंभ करावा. दर सुलट ओळीस चार टाके वाढवावे, दोन कडांस व दोन मधल्या कण्याच्या बाजूंस. दोनशे ओळी झाल्या म्हणजे सुईवर चारशे सात टाके होतात. आणि हे सर्व एकाच धाग्याचे असते. पाने, वेली, जे काही नक्षीचे दिसते ते छिद्रांनी झालेले असते. विणणारी सुईवर दोरा पुढे घेते, तेथे एक मोकळी जागा पडते. मग शेजारी ती दोन टाके एकत्र विणते म्हणजे टाक्यांची संख्या जितकी पाहिजे तितकीच राहते. छिद्र असते, पण त्याच्या सभोवती धागा असतो. म्हणून ते फाटलेले नव्हे.

परंतु विणता विणता एखादा टाका सुईवरून निसटला तर? तेथेही एक छिद्रच पडते, आणि प्रथम ते नक्षीतल्यासारखेच दिसते. ज्याला विणकाम येत नाही त्यास दोहोंत भेद कळत नाही. पण ह्या टाक्यास कोणी धरिलेले नसते. शाल जरा ओढली की तो खालच्या ओळीत उतरतो, तेथून त्याच्या खालच्या, आणि शिडीसारखी फट थेट खाली जाते. साध्या विणीत क्रोशाच्या सुईने तो वर आणिता येतो. जाळीच्या विणीत ते फार कठीण, कारण खालच्या ओळींतही छिद्रे असतात आणि कोणता धागा कोणाचा हे समजत नाही. म्हणून जाणती बाई दोन गोष्टी करिते. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजिते. आणि काही ओळी नीट झाल्या म्हणजे त्या ओळीच्या सर्व टाक्यांतून एक निराळा दोरा आडवा ओवून ठेविते, की पुढे चूक झाली तर तेथपर्यंतच उसवावे लागेल.

बंधूंनो, गावातून मुलगा गेला म्हणजे मंडळीत छिद्र पडणारच. पोटासाठी जाणे हे पाप नव्हे. याकोबाचे पुत्रही धान्यासाठी मिसरास गेले. प्रश्न इतकाच आहे की त्या रिकाम्या जागेभोवती आपण धागा धरिला आहे की नाही. त्याचे नाव मोजणीत आहे काय? की तो दिसत नाही म्हणून आपण त्याला हिशेबातूनच वगळिले?

आता एक गोष्ट मला आवर्जून सांगावयाची आहे, कारण खेड्यातील पुष्कळांस ती ठाऊक नसते. पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण ह्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसून गुरुवारी असते. रविवारी सकाळी तुम्ही गावी घंटा वाजविता तेव्हा तुमचा मुलगा यंत्रापाशी उभा असतो, किंवा रात्रपाळी करून निजलेला असतो. त्यास "उपासना चुकविणारा" म्हणणे हा अन्याय आहे. शौलाने पहिल्या दिवशी मनाशी जो तर्क केला त्याच जातीचा हा तर्क होय. आणि दोष सर्वस्वी गावाचाही नाही. शहरातील आम्ही पाळक रविवारी सकाळी नऊ वाजता दार उघडितो, अकरा वाजता लावितो, आणि कामगार येत नाहीत म्हणून खेद करितो! प्रभूने शब्बाथ मनुष्यासाठी म्हटला. मग गुरुवारी संध्याकाळी कुरुळीच्या एखाद्या खोलीत सहा जण मिळून वचन वाचतील तर ती उपासना कमी प्रतीची कशी? मला वाटते, पुष्कळ ठिकाणी तीच अधिक मनापासूनची होईल.

योनाथानाचा धागा किती दूर गेला तेही पाहा. तो स्वतः गिलबोवा डोंगरावर पडला. पण वर्षांनंतर राजा झालेल्या दाविदाने विचारिले की शौलाच्या घराण्यातील कोणी उरला आहे काय, योनाथानाकरिता मी त्याजवर दया करीन. लो-दबार येथून पायांनी अधू असलेला मफीबोशेथ आणविला गेला, आणि तो राजपुत्रांप्रमाणे राजाच्या पंक्तीस जेवू लागला.

तेव्हा उपदेशक बंधूंस माझी विनंती अशी. ह्या महिन्यात आपल्या मंडळीच्या वहीतून जी मुले-मुली ह्या पट्ट्यात आली आहेत त्यांची नावे काढा. त्यांच्या आईबापांकडे जा. रागाचा शब्द न बोलता विचारा की तो कोठे राहतो, पाळी कोणती, सुटी कोणत्या वारी. ती माहिती त्याच्या संमतीने जवळच्या पाळकास कळवा, आणि मंडळीचा दाखला त्याजबरोबर पाठवा. दाखला वहीत पडून राहिला तर त्याचा कोणास उपयोग नाही. गावी रविवारच्या प्रार्थनेत ही नावे एकेक करून मोठ्याने घ्या. ज्या मातांचा मुलगा चाकणला आहे त्यांनी पुढच्या वेळी फोनवर पगार विचारण्यापूर्वी एवढे विचारावे की, "बाळा, गुरुवारी कोणाबरोबर बसतोस?" त्याने "कोणाबरोबरच नाही" असे म्हटले, तर त्याच दिवशी आपल्या उपदेशकास सांगावे.