वेटरला सुनवा, सिस्टरला नको

आमचे एक मानसशास्त्रज्ञ मित्र हल्ली व्याख्यानांतून ठासून सांगतात, की मनोरुग्णालयातल्या माणसाचं निम्मं दुखणं ‘नाही’ म्हणता न येण्यात आहे. त्याला ठामपणाचं प्रशिक्षण द्या. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारे अर्थातच संध्याकाळी आपापल्या घरी जाणारे असतात.

कल्पना जुनीच. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या पुस्तकात ठामपणा हा चिंतेवरचा उतारा मानला, आणि वर्तनोपचारवाल्यांनी तो रुग्णालयांत नेला. १९७३ मध्ये आयस्लर, मिलर आणि हर्सन यांचा अमेरिकी मनोरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लुटुपुटीचे प्रसंग उभे करायचे, हॉटेलात मागवलं एक आणि आलं भलतंच अशा धर्तीचे. मग मोजायचं: नजर किती वेळ भिडली, आवाज किती चढला, उत्तराला किती उशीर झाला, हसू आलं का. ज्याला फाटकाबाहेर पाऊल टाकायला सही लागते, तो वेटरला सुनवायला शिकतोय!

माझा कल अर्व्हिंग गॉफमनकडे. हा समाजशास्त्रज्ञ १९५५-५६ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात क्रीडा-संचालकाचा सहायक म्हणून वावरला. दिवसभर रुग्णांत राहायचं, कर्मचाऱ्यांशी सलगी टाळायची आणि किल्ली जवळ बाळगायची नाही, हे त्याचे नियम. (वॉर्डात मुक्काम मात्र केला नाही, हे त्यानेच नोंदवलंय.) १९६१ च्या ‘असायलम्स’मध्ये त्याने दाखवलं, की अशा संस्थेत माणसाचा बचावच त्याच्यावरच्या पुढच्या हल्ल्याचं निमित्त होतो. रुग्ण म्हणतो, ‘या गोळीने हात थरथरतात, मी घेणार नाही.’ केसपेपरवर पडतं: औषधास नकार, चिडखोर. तो आवाज चढवतो. नवी नोंद: आक्रमक. रात्री इंजेक्शन. आता सांगा, वर्गात तो नापास झाला की पहिला आला?

तरीही गॉफमन मला पुरा पडत नाही. त्याचे रुग्ण भलतेच चलाख. चिजा दडवणारे, सवलती पदरात पाडून घेणारे. वर्षानुवर्षांच्या स्किझोफ्रेनियात ज्याचं बोलणंच आटलं, तो माणूस त्यात फारसा भेटत नाही. त्याला वॉर्डाने गप्प केलं हे खरं, पण आजारानेही केलं. अशा माणसाने सरावाने मान वर करून ‘चहा गार आहे’ एवढं म्हटलं, तर ते हसण्यावारी नेण्याजोगं नाही.

शिवाय आपल्याकडे आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्याचं कलम २० वाचावं: स्वतःचे कपडे घालता येतील, गणवेशाची सक्ती नाही, डोकं जबरदस्तीने भादरायचं नाही, काम लादायचं नाही आणि केलं तर योग्य मोबदला. अन्याय झाला तर पुनर्विलोकन मंडळाकडे दाद. पण दाद मागायला तोंड उघडावं लागतं. येरवड्याचं असो वा ठाण्याचं, रुग्णालयात ठामपणाचा वर्ग भरवायचाच असेल तर वेटरला सुट्टी द्या. ‘सिस्टर, माझा शर्ट मला हवाय’ याची तालीम घ्या, आणि ती खऱ्या सिस्टरसमोर.

मित्राच्या तक्त्यात रुग्णाची नजर, आवाज, उशीर यांचे रकाने आहेत. मला आणखी एक हवाय: त्याने मागितल्यावर समोरच्याने काय केलं. तो वॉर्डाने भरायचा नाही. बाहेरच्या माणसाने, रुग्णाला विचारून भरायचा. मित्राने तो छापला, तर पुढच्या व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत बसेन.