मुद्दल

सातवीत असताना पंधरा ऑगस्टला मी शाळेत भाषण ठोकलं. जोशात सांगून टाकलं, "माझे आजोबा वडूजच्या मोर्चात होते!" टाळ्या पडल्या. गुरुजींनी पाठ थोपटली. मी अगदीच हवेत बोललो नव्हतो. दर वर्षी नऊ सप्टेंबरला आजोबा अनवाणी वडूजला जायचे, हुतात्म्यांना हात जोडून यायचे. त्यावरून मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी गोठ्यात त्यांना हे सांगितलं. वैरण टाकता टाकता ते थांबले.

"व्हतो. पर निम्म्या वाटंपतुर. तिथनं माघारी फिरलो."

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला आणि महिन्याभरात सातारा जिल्ह्यातली माणसं शेतं सोडून कचेऱ्यांवर तिरंगा लावायला निघाली. ३ सप्टेंबरला तासगावला रक्त न सांडता झेंडा लागला. ९ तारखेला वडूजला मात्र गोळ्या सुटल्या. झेंडा घेऊन पुढं असलेले वडगावचे परशुराम घार्गे पडले. नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही गोळीबार झाला.

"संगतीच्यांना म्हनलं, गाय व्यायला झालीया," आजोबा सांगत होते. "त्या राती ती खरंच व्यायली. पर कारण ते न्हवं. भ्यालो व्हतो."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते शाळेत आले. "गुरुजी, पोरगं चुकलं. म्या त्यात न्हवतो."

गुरुजी हसले. "असू द्या हो. थोडं तरी चाललाच की!"

"न्हाई. मेलेल्याच्या ताटातलं आपल्या पानात वाढून घिऊ न्हाई."

पुढं कितीतरी दिवस मी आजोबांवर रुसलो होतो. पोरं चिडवायची. मोठा झाल्यावर आजीकडून कळलं की, प्रतिसरकारच्या दिवसांत भूमिगत माणसं रात्री आमच्या मळ्यात उतरायची. आजी पहाटेपर्यंत भाकरी थापायची आणि आजोबा बांधावर जागत बसायचे. सापडले असते तर घरादाराची धूळधाण झाली असती.

मी आजोबांना विचारलं, "हे का नाही सांगितलंत गुरुजींना?"

"ते याज झालं," ते म्हणाले. "मुद्दल तसंच हाय."

भिणं हे काही पाप नव्हे. बंदुकीपुढं छाती काढणारे थोडेच असतात. घरी लेकरंबाळं असलेला माणूस मागं वळला, तर त्याला देशद्रोही म्हणायचा हक्क मला तरी नाही. पण दुसऱ्याचं धैर्य आपल्या अंगावर पांघरून मिरवणं, हे मात्र मला चोरीसारखं वाटतं. आता तर नवल वाटतं. जसजशी वर्षं सरताहेत, तसतशी मोर्चाला गेलेल्यांची संख्या गावोगाव वाढतच चालली आहे! आपण ऋणको आहोत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला घोषणा फार मोठ्यानं देता येत नाहीत. त्याचं देशप्रेम खालच्या आवाजात बोलतं.

मी दहा वर्षं ग्रामपंचायतीत होतो. रस्त्याच्या बिलावर सही करण्याआधी खडी खरोखर पडली का, हे बघायला भर उन्हात चालत जायचो. लोक म्हणायचे, "एवढं कशाला? सगळीकडं असंच चालतंय." भांडणं झाली, सोयरेही तुटले. काय सांगणार त्यांना?

याज भरत होतो.