पुतळ्याच्या हातात काय आहे?

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात आमच्या एका विवेकवादी मित्रांनी संमोहनाला 'सुशिक्षितांची बुवाबाजी' ठरवून विषय निकालात काढला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की यात सिद्ध होण्यासारखं काही नाही, सगळा मनाचा खेळ. त्याच अंकाच्या मागच्या पानांत एका संमोहनतज्ज्ञांची पानभर जाहिरात होती: वजन, दारू, परीक्षेची धास्ती, नवरा-बायकोचं भांडण, सगळं एका शिबिरात. संपादकांवर माझा राग नाही; दिवाळी अंक जाहिरातींवरच निघतात. पण तो लेख आणि ती जाहिरात हे सख्खे भाऊ आहेत, याचा दोघांनाही पत्ता नसावा. दोघंही धरून चालतात की संमोहन म्हणजे संमोहन करणाऱ्याची करामत. एक म्हणतो त्याच्या अंगी सामर्थ्य आहे, दुसरा म्हणतो त्याच्याकडे काहीच नाही. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाकडे मात्र दोघांची पाठ.

हा समज मोडणारा पहिला माणूस आपल्या शेजारचाच, बार्देशातल्या कांदोळीचा. जुझे कुस्तोदियो फारिया, जन्म १७५६. आबे फारिया म्हणून जग त्याला ओळखतं; पुष्कळांना तो द्यूमाच्या कादंबरीतला कैदी म्हणूनच ठाऊक असतो. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, १९४५ साली उभारलेला. झगा घातलेला पाद्री पुढे झेपावलाय, पंजे पसरलेत आणि त्या पंजांखाली एक बाई मागे कोसळते आहे. शिल्प म्हणून जबरदस्त. पर्यटक तिथे तसेच पंजे पसरून फोटो काढतात. पण फारिया जे सांगत होता त्याच्या नेमकं उलट हा पुतळा सांगतो.

१८१३ पासून फारिया पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागला. त्याआधी मेस्मर या वैद्याच्या पंथीयांचं म्हणणं होतं की चुंबकासारखा एक अदृश्य द्रव वैद्याच्या हातांतून रोग्याच्या अंगात उतरतो. फारिया म्हणाला, माझ्या हातातून काहीही निघत नाही. झोप येते ती झोपणाऱ्याची स्वतःची. त्याची रीतही तशीच बिनथाटाची. माणसाला आरामात बसवायचं, डोळे मिटून झोपेकडे लक्ष लावायला सांगायचं आणि मग चढ्या आवाजात म्हणायचं, 'झोपा!' नाही जमलं तर पुन्हा सांगायचं, तरी नाही तर सोडून द्यायचं. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टर उडवणारा फार्स आला आणि त्याचं नाव गेलं. १८१९ मध्ये पुस्तक छापलं, त्याच वर्षी तो वारला. (गोव्यात फारिया म्हटलं की 'कातर रे भाजी'ची गोष्ट निघतेच: प्रवचनाला उभा राहून गांगरलेल्या पोराला बापाने कोकणीतून दिलेला इशारा. गोष्ट गोड आहे, पण आख्यायिका आहे. तिच्यावर शास्त्र उभारू नये.)

मित्रांचा 'मनाचा खेळ' हा शब्दही नवा नाही. १७८४ मध्ये मेस्मरपंथीयांचा दावा तपासायला फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. बागेतलं एक झाड चुंबकित करवून त्यांनी एका मुलाला तिथे नेलं, तर तो चुंबकित न केलेल्याच झाडापाशी मूर्च्छित पडला. निष्कर्ष: द्रव वगैरे काही नाही, ही कल्पनाशक्ती. आमचे मित्र इथे टाळ्या वाजवून घरी जातात. मेस्मरच्या देस्लों नावाच्या शिष्याने मात्र तेव्हाच विचारलं, की कल्पनेने गुण येत असेल तर कल्पनेचंच औषध का करू नये?

या प्रश्नाची नीट दखल घ्यायला वैद्यकाने दोनशे वर्षं लावली. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी इतर उपायांनी न हटलेल्या आयबीएसच्या, म्हणजे आतड्यांच्या एका चिवट दुखण्याच्या, ३० रुग्णांवर संमोहन वापरून पाहिलं आणि निकाल 'लॅन्सेट'मध्ये छापला. काय करतात तिथे? रुग्ण शांत झाला की त्याला पोटावर हात ठेवायला सांगतात. हाताखाली ऊब जाणवू दे, म्हणतात. आतडं म्हणजे एक नदी आहे, खळाळ ओसरून ती संथ वाहते आहे, असं त्याने डोळ्यांपुढे आणायचं. आठवड्यामागून आठवडे, आणि मधल्या दिवसांत घरी स्वतःचं स्वतः. पोटावरचा हात रुग्णाचाच असतो, हे लक्षात घ्या. २००८ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने वर्षभर औषधांनी न हटणाऱ्या आयबीएससाठी हा पर्याय विचारात घ्यायला सांगितलं. मॉन्ट्रियलच्या पिअर रेनव्हील यांनी १९९७ मध्ये लोकांचे हात कढत पाण्यात बुडवून वेदनेचा त्रास कमी-जास्त वाटेल अशा सूचना दिल्या, तेव्हा वेदना सोसण्याशी निगडित मेंदूच्या भागातली हालचाल त्यानुसार बदलली. मनाचा खेळ खराच. पण तो मेंदूत खेळला जातो आणि मेंदू शरीरातच असतो.

इथवर मी फारियाचा वकील. पण मग हुगळी आडवी येते. एप्रिल १८४५ मध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने अंडवृद्धीने तळमळणाऱ्या एका कैद्यावर मेस्मरची रीत आजमावली. त्याने ती कधी पाहिलीही नव्हती, फक्त वाचली होती. पुढे त्याने हत्तीरोगाच्या प्रचंड गाठी अशाच कापल्या. अंधारी खोली, आडवा पडलेला रोगी आणि उशाशी बसून त्याच्यावर फुंकर घालत तासन्‌तास हात फिरवणारे इस्पितळातले देशी मदतनीस. सरकारने १८४६ मध्ये कलकत्त्यात वर्षभरासाठी त्याला इस्पितळही दिलं. एस्डेलचा द्रवावर ठाम विश्वास होता आणि रोग्यांना पुष्कळदा काय चाललंय ते सांगितलेलंही नसे. झोपायचं आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याची झोप 'त्याची स्वतःची' कशी?

माझ्या मते उत्तर त्या खोलीतच आहे. गोरा साहेब, गोरगरीब नाहीतर कैदी रोगी, अंधार, तास-तासभर फिरणारे हात. इथे 'झोपा' म्हणायची गरजच नव्हती. हुकूम भिंतींनीच दिला होता. आणि फारियाच्या अंगावरही झगा होताच. तेव्हा झोप झोपणाऱ्याची, हे खरं; पण कोणापुढे झोपायचं हे ठरवणारी सत्ता खोलीत असते. पुतळा अगदीच खोटा म्हणता येत नाही तो एवढ्यापुरता.

हे मान्य केलं नाही की फारियाचंच वाक्य शिबिरवाल्यांच्या हाती पडतं. 'सगळं तुमच्या आतच आहे' हे ऐकायला उदार. गुण आला नाही की त्याचंच 'तुमची श्रद्धा कमी पडली' होतं. फी त्यांची, दोष तुमचा. संमोहित होण्याची क्षमता श्रद्धेवर किंवा इच्छाशक्तीवर तोललेली नसते. स्टॅनफर्डला हिलगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ती मोजायची पट्टी केली. पंचवीस वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा मोजलं, तर बहुतेकांचे गुण फारसे हलले नव्हते. काहींना ते सहज जमतं, काहींना जवळजवळ नाहीच. फारियालाही हा फरक दिसला होता. त्याने तो पातळ रक्ताच्या माथी मारला. साफ चूक. पण रोग्याच्या रक्ताला दोष देणारा पाद्री त्याच्या श्रद्धेला दोष देणाऱ्यांपेक्षा सभ्य म्हणायचा. आणि ईथर-क्लोरोफॉर्मने एस्डेलला मागे सारलं तेही याच कारणाने: बाटलीला समोरचा माणूस कसा आहे याने फरक पडत नाही.

मित्रांचा एक मुद्दा मात्र मी बिनशर्त घेतो. २००९ मध्ये टीव्हीवर पूर्वजन्माच्या आठवणी काढून दाखवण्याचा जो तमाशा झाला, त्याला बुवाबाजीच म्हणायचं. संमोहनाने स्मृती खणून निघत नाही. चुकीच्या आठवणीवरची खात्री तेवढी वाढते.

तेव्हा आयबीएस असेल, भाजल्यावरचं ड्रेसिंग सोसत नसेल, दाताच्या खुर्चीची भीती असेल, तर आपल्या डॉक्टरांना संमोहनाबद्दल जरूर विचारा आणि प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ गाठा. पहिल्याच भेटीत जो हमी देईल, औषधं बंद करायला सांगेल किंवा मागचा जन्म काढेल, त्याच्याकडून फी परत मागा आणि उठून या.